मुकी चौकट
बाबांना दिसत नसे. कुठलाही ऑनलाइन फॉर्म संगणक त्यांना वाचून दाखवायचा, ईमेलपाशी मात्र नुसतं "रिकामी चौकट" म्हणून गप्प व्हायचा, कारण बनवणाऱ्यानं तिला नावच जोडलेलं नसायचं. "मी आंधळा, ही मुकी, आमचं जमायचं कसं?" असं म्हणत ते मला हाक मारायचे. ते गेल्यावर ग्रंथालयाच्या सभासदत्वाचा फॉर्म मी बनवायला घेतला. आज तो तपासायला बाबांचे एक मित्र आले, तेही अंध आणि भलते खवचट. बाबांचा जुना स्पीकर मी पुसून जोडला. "ईमेल पत्ता लिहा," चौकट बोलली. काकांनी मुद्दाम अर्धाच लिहिला. "पत्त्यात ॲटचं चिन्ह राहिलं आहे," तिनं लगेच सांगितलं. "अगं, ही तर तुझ्या बापासारखी टोकते!" खदखदून हसत त्यांनी चिन्ह टाकलं, बटण दाबलं. "झालो सभासद! आणि पोरी, तुला हाकही मारली नाही."