कोंबड्यांचं दही

बाजारात येणारा माल तपासायचं सरकारी काम तुमचं होतं, साहेब. तुम्ही तपासलं नाहीत. आणि बारामतीच्या दवाखान्यात भर दुपारी जाब विचारला जात होता नकोशीला.

"काय खाऊ घातलंस आईला? खरं बोल," मानसिंग बायकोवर ओरडला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"मी काय घालणार? तुमच्या आईनं माझ्या हातचं पाणी तरी कधी गोड मानलंय का?"

काचेच्या दारापलीकडे द्वारकाबाई निपचित पडली होती. लासुर्ण्याची खमकी बाई. परवापरवापर्यंत स्वतःच्या शेडवर कोंबड्यांना खाद्य टाकत होती. लघवीला जळजळ झाली, ताप भरला आणि जंतू रक्तात उतरला. पहिलं इंजेक्शन वाया गेलं. रक्तदाब उतरत चालला होता.

डॉक्टर इफ्फत बाहेर आल्या. "भांडण नंतर करा. मला एवढंच सांगा, घरी यांना कुठलं औषध चालू होतं? गोळी, कॅप्सूल, काहीही."

"कुठलंच न्हाय," मानसिंग म्हणाला. "आमच्या आईनं जन्मात गोळी गिळली न्हाय. विचारा हिला."

नकोशीनं मान हलवली. "व्हय. औषध न्हाय घेतलं कधी."

"जंतूचं नाव कळलंय. एन्टरोकॉकस. सगळ्यांच्या आतड्यात असतो, तुमच्या-माझ्याही. तिथं असतो तोवर गुमान असतो, रक्तात गेला की जीव घेतो. साधा असेल तर साध्या औषधानं मरेल. पण औषधं पचवून बसलेला असेल, तर माझ्याकडं एकच औषध उरतं. ते या वयाला झेपेलच असं नाही. आणि उठसूट वापरलं तर उद्या तेही कुणाला लागू पडणार नाही. कल्चर उद्या येईल. तोवर यांच्याकडं वेळ नाही."

"कल्चर?" मानसिंग बावचळला. "आमी उसाला जिवाणू खत सोडतो, ते?"

"ते नव्हे हो. रक्तातला जंतू वाढवून बघतात, कशानं मरतो ते. त्यालाही कल्चरच म्हणतात."

"घ्या! उसाला कल्चर, कोंबड्यांना कल्चर, आता आईच्या रक्तात बी कल्चर."

नकोशी सासूकडं बघत पुटपुटली, "आत्या घ्यायच्या की कल्चर."

"काय घ्यायच्या?" इफ्फतनी विचारलं.

"कोंबड्यांचं. पिलं देणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर हाय, सिद्धू. तो पुडी देतो, पाण्यातनं पाजायची. म्हणला, औषध न्हाय वहिनी, चांगले जंतू हायेत. कोंबड्यांचं दही समजा. पिलं तर अशी टरारली! आत्या म्हणल्या, कोंबड्यांचेच लाड कशाला, माझं बी पोट रोज बिघडतंय. दिवाळीपासनं रोज सकाळी चमचाभर, ताकात घालून."

इफ्फतनी सुस्कारा टाकला. चांगल्या जंतूंच्या पुड्या त्यांनीही कितीतरी रुग्णांना दिल्या होत्या. "कोंबड्यांची खायला नको होती. पण नुसत्या तेवढ्यानं औषधं निकामी होत नाहीत." त्या नर्सकडे वळल्या. "साधंच भरा."

"दही तरी कुठलं मेलं!" नकोशी मागून नवऱ्याला ऐकवत होती. "त्या पुडीपायी मी किती बोलणी खाल्ली, ठाव हाय का तुमाला? एवढं चांगलं दही हाय तर लावून बघ, म्हणल्या. घरच्या विरजणात चमचाभर पुडी टाकली. दूध लागलंच न्हाय. दुसऱ्या दिवशी बी तसंच, पाण्यावानी. परत लावलं, परत तेच. मग काय, सुनंच्या हातालाच गुण न्हाय!"

इफ्फत जागच्या जागी थांबल्या.

"नकोशीताई, एरवी त्याच विरजणानं दही लागतं?"

"न लागायला काय झालं? रोज लागतंय."

मानसिंगचा चेहरा उतरला. दारात त्याच्या दोन गाई होत्या. "मॅडम... गाईची कास सुजली, सडात औषध सोडलं, की त्या दुधाचं दही लागत न्हाय. डेअरीवाला दूध परत धाडतो. तसं?"

"तसंच. चांगल्या जंतूंच्या नावाखाली त्या पुडीत जंतू मारायचं औषध होतं. दिवाळीपासून रोज. यांच्या पोटातले साधे जंतू कधीच मेले. जे मेले नाहीत, ते आता रक्तात आहेत." त्यांनी नर्सचा हात धरला. "हे ठेवा. कपाटातलं ते शेवटचं औषध काढा."

"तुमी औषध इचारलं वो," नकोशी म्हणाली. "त्यानं औषध न्हाय म्हणून सांगितलेलं."

"तुमची चूक नाही, ताई."

नवी बाटली लागली. थेंब सुरू झाले. वाचेल का, ते इफ्फतनाही सांगता येईना. मानसिंग भिंतीला टेकून खाली बसला. बायकोकडं बघायची त्याला हिंमत होईना.

नकोशीनं त्याच्या खिशातला फोन काढला आणि सिद्धूला लावला.

"बोला वहिनी! पिलं काय म्हणत्यात?"

"पिलं झ्याक हायेत. आत्या मरायला टेकल्यात. तुझ्या पुडीत काय हाय?"

पलीकडं गाडी बंद केल्याचा आवाज आला.

"मला वरनं येतं ते मी वाटतो, वहिनी. मला काय म्हाईत? पण माणसानं खायचीच कशाला ती? ती कोंबड्यांची हाय. कोंबड्यांनी खायची."

"आन् कोंबड्या कोण खातंय? बोल की सिद्धू. कोंबड्या कोण खातंय?"