डावीकडे कललेली मान

जिन्याची प्रत्येक पायरी जयवंतरावांना दोनदा दिसू लागली, तेव्हा घरात सगळ्यांच्या मनात मेंदूतली गाठच आली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. जयवंतरावांची मान उजवीकडे कलवली, तर समोरच्या एका दिव्याचे दोन दिवे झाले. डावीकडे कलवली, तर एकच.

"जुने फोटो आहेत?"

बायकोनं, कुंदाताईंनी, घरून लग्नाचा अल्बम आणला. "बघा, मांडवातसुद्धा मान माझ्याच बाजूला! एकतीस वर्षं सगळ्यांना दाखवतेय."

"त्याआधीचे?"

मुंजीच्या फोटोतही मान डावीकडेच होती. तिथे वस्तरा घेऊन न्हावी बसलेला. चौथीच्या वर्गाच्या फोटोत डावीकडे छडीवाले गुरुजी.

डॉक्टरीणबाई हसल्या. "गाठबीठ काही नाही. उजवा डोळा खाली वळवणारी नस जन्मापासूनच अशक्त आहे. इतकी वर्षं मान कलती ठेवून निभावलं, आता वयानं जमेना. चष्म्यात वेगळी काच घालू. फक्त मान उजवीकडे कलवू नका, पुन्हा दोन दिसतील."

कुंदाताईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे न्हावी, गुरुजी आणि मी, सगळे एकाच रांगेत!"

नवा चष्मा लागला, मान सरळ झाली. दुकानाबाहेर सेल्फी काढताना कुंदाताई मुद्दाम नवऱ्याच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या. जयवंतरावांनी मान हळूच उजवीकडे कलवली.

"अहो, दोन दिसतील ना!"

"दिसू देत. तू दोनदा दिसलीस, तर माझी काय तक्रार?"