तुळशीरामांचा टोन

“हा नाही,” तुळशीराम म्हणाले. “हा माझा आवाज नाही.”

अंकुशने लॅपटॉपवरचे आकडे पुन्हा बदलले. पांढुर्ण्याच्या स्टेशनमागच्या त्याच्या खोलीत सकाळपासून हेच चाललं होतं. समोर तुळशीरामांची मुलगी शीतल गिटार घेऊन बसली होती. तिच्या पायाशी प्रोसेसर होता, एक चपटी पेटी. गिटारचा आवाज त्या पेटीत शिरतो आणि हवा तसा बदलून बाहेर पडतो. प्रत्येक आवाजाची मांडणी वेगळी. ती मांडणी, म्हणजे टोन, अंकुश लोकांना करून देई आणि त्याचे दीड हजार घेई.

त्यावरून त्याला बोलणी खावी लागत. ‘आता आवाजाचे बी पैसे घेऊन राहिला,’ असं ऑर्केस्ट्रातली पोरं ग्रुपवर लिहीत. फाइल तर मोबाइलवरून एका मिनिटात जाते, मग पैसे कशाचे? अंकुश वाद घालत नसे. फाइल जायला मिनिट लागतं, पण ती बनवताना दोन-दोन दिवस कान लावून बसावं लागतं, हे कोणाला समजावणार?

तुळशीराम लोधीखेड्याचे. तीस वर्षं त्यांनी भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवली. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि उजवा हात गेला. आता शीतल वाजवायची. तिला वडिलांचा तो जुना आवाज हवा होता. एका कार्यक्रमाचं खरखरीत रेकॉर्डिंग, कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेलं, तिने दोन दिवस आधीच अंकुशला पाठवलं होतं.

अंकुशने ते पुन्हा लावलं. मग विचारलं, “काका, तेव्हा गिटार कशात लावत होते तुम्ही?”

“कशात म्हणजे? माइकवाल्याच्या मशीनमध्ये. अन् भोंगा राहे लिंबाच्या झाडाले बांधून.”

अंकुश स्वतःशीच हसला. दोन दिवस तो आवाज स्वच्छ करत बसला होता. आता त्याने खालचा जाडपणा काढून टाकला, मधला भाग पुढे आणला, वर थोडी करकर घातली आणि मागे मोकळ्या मैदानाचा घुमारा ठेवला.

“वाजव,” तो शीतलला म्हणाला.

शीतलने वाजवलं. तुळशीरामांनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात गुडघ्यावर सरकू लागला. बोटं सुरांच्या जागा शोधून दाबत होती. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. शीतल थांबली तरी डावी बोटं थोडा वेळ चालतच राहिली.

“हाच,” ते म्हणाले. “हाच व्हय.”

अंकुशनेही तो ओळखला. लहानपणी सौंसरच्या मैदानात बापाच्या खांद्यावर बसून त्याने हाच आवाज ऐकला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याने गिटारसाठी घर डोक्यावर घेतलं होतं.

“किती झाले?” तुळशीरामांनी डाव्या हाताने खिसा चाचपला.

“काका, तुमच्याकडून कसे घेऊ? तुमचाच आवाज तुम्हाला देऊन राहिलो मी. राहू द्या.”

तुळशीरामांचा चेहरा उतरला. हात खिशातच राहिला.

“म्हणजे तू बी तेच म्हटलं,” ते हळूच म्हणाले.

“काय काका?”

“तीस वर्षं हेच ऐकलं. तुळशीराम, तू तं घरचाच माणूस, तुले काय द्याचं! शाल दिली, नारळ दिला, पोटभर जेवू घातलं. प्रेमानंच केलं, मी नाही म्हणत नाही. पण मंडपवाल्याले पैसे भेटत, जनरेटरवाल्याले भेटत. मले कोणी विचारलंच नाही. अन् मलेही मागता आलं नाही. शब्दच निघेना तोंडातून.”

शीतल खाली पाहत होती.

“परवा बोरगावचे लोक घरी आले,” तुळशीराम पुढे म्हणाले. “हिले विचारलं, कार्यक्रमाचे किती घेशील? अन् हिनं मान खाली घातली. बिलकूल माझ्यासारखी.” “टोन तं निमित्त आहे बाबू. लोक काही बी बोलो, तू आपले पैसे सरळ तोंडानं सांगतो, असं कानावर आलं होतं. म्हणून हिले घेऊन आलो. हिच्यासमोर सांग. मोठ्यानं सांग.”

अंकुशने मान वर केली. शीतलकडे पाहत तो म्हणाला, “दीड हजार रुपये. दोन दिवसांचं काम आहे.”

तुळशीरामांनी नोटा पुढे केल्या. अंकुशने त्या दोन्ही हातांनी घेतल्या.

शीतलने गिटार भिंतीला टेकवून मोबाइल काढला, नंबर लावला आणि उभी राहिली.

“जय भीम भाऊ. शीतल बोलून राहिली, लोधीखेड्याची. तुम्ही विचारलं होतं न परवा…” तिने वडिलांकडे पाहिलं. “पाच हजार घेईन मी. अन् गाडीभाडं वेगळं.”