सह्या व्हायच्या आत

"तुझं लेकरू मालकाच्या मळ्यावर जन्मू देऊ नकोस," आईनं बजावलं होतं आणि फीबीनं शब्द दिला होता.

आज फिलाडेल्फियात अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर सही करायला निघालेल्या मालकाच्या केसांच्या टोपावर ती पावडर मारत होती. तो आरशापुढे घोकत होता, "आम्हाला आणि आमच्या वंशजांना स्वातंत्र्य लाभावं म्हणून..." मध्येच हसला. "आणि ऐक गं, पळालेला गुलाम आता कुठल्याही राज्यातून धरून आणता येईल. तेही घातलंय आम्ही."

"वंशज म्हणजे कोण, मालक?"

"आमची पोरं. तुला काय करायचंय?"

फीबीनं पावडरीचा डबा मिटला. त्याची बग्गी वळणापलीकडे गेली, तशी तिनं शाल गुंडाळली आणि त्याच्याच पोराला पोटात घेऊन मागच्या दारानं निघाली.