आगाश्यांचं वासयंत्र

शेजारच्या तांडेलांच्या सुक्या बोंबलांविरुद्ध तीन वर्षं सोसायटीत तक्रारी करून थकलेल्या आगाश्यांनी शेवटी घरात वासबदल यंत्र बसवलं. दुसऱ्याच दिवशी वत्सलाबाईंनी साबुदाण्याची खिचडी परतायला घेतली आणि घरभर भाजलेल्या बोंबलांचा खमंग वास सुटला. आगाश्यांनी नाक दाबून मेकॅनिकला बोलावलं.

"यंत्र पार बिघडलंय!"

मेकॅनिकने उघडून पाहिलं. "काही बिघडलेलं नाही, काका. कुठलाही वास आला की हे तो शोषून घेतं आणि मालकाच्या मेंदूतला सगळ्यात आवडता वास सोडतं."

आगाशे खिडकीबाहेर बघू लागले.

"अहो," वत्सलाबाई उलथनं खाली ठेवत म्हणाल्या, "दर बुधवारी भजनावरून येताना तुमच्या तोंडात एवढी बडीशेप का असते?"