अख्खा मिक्सर

रंजनाने मिक्सरच्या तळाचं झाकण चार स्क्रूंनी घट्ट बसवलं आणि जीभ चावली. मोटर टेबलावरच राहिली होती.

आठ वर्षं कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर तिने एवढंच केलं होतं. झाकण, चार स्क्रू, पुढचं झाकण. आज मात्र सुपरवायझर भोईटे सरांनी पट्टा बंद ठेवून प्रत्येकीला अख्खा मिक्सर जोडायला दिला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे चालले तर हीच पद्धत राहणार होती. एक जरी अडला, तर उद्यापासून पुन्हा पट्टा.

"अगं, पोटात काही घालायच्या आधीच झाकण लावलंस?" शेजारची हौसाक्का हसली.

रंजनाने स्क्रू काढले, मोटर बसवली, तारा जोडल्या. एक चुकली म्हणून परत सोडवल्या. बाकीच्यांचे मिक्सर तपासून झाले होते. दोनच मिनिटं उरली, तशा सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. "घाई नको करू गं," म्हणत जी ती घाईच करत होती.

सरांनी बटण दाबलं. मिक्सर घरघरला.

"पास!" म्हणत त्यांनी तो बंद करायला हात पुढे केला.

"सर, राहू द्या ना जरा," रंजना म्हणाली. "आपल्या हातचा चालताना कधी ऐकलाच नाही."