शुक्रवारचा गजरा

श्रीरंगने दारातच बायकोपुढे मोगऱ्याचा गजरा धरला, दर शुक्रवारी धरतो तसाच. "दमलीस का गं?"

वैजयंतीने आखूड केसांवरून हात फिरवला. "महिना झाला बॉबकट करून. माळू कुठे? खरं सांग, ॲपवरून डोक्यातल्या चिपला दर शुक्रवारचं काम लावून दिलंयस ना?"

तो ओशाळला. "विसरायला होतं गं. एकदा लावलं की पाय आपोआप फुलवाल्याकडे वळतात."

"म्हणजे 'दमलीस का'सुद्धा ती चिपच विचारते?"

त्याला चांगलं फैलावर घ्यायला तिने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते लाडिक, "अय्या, माझ्यासाठी?"

तिने तर स्वतःच्या चिपला असलं कुठलंच काम लावलं नव्हतं.

श्रीरंग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत राहिला.